सापडलं काय?

माझ्या गॅरेजात एक लांबट वही असते. लाल कापडी पुठ्ठ्याची, व्यापारी लोक दिवाळीला पूजेत ठेवतात तसली. तिच्यात मी पाच रकाने पाडतो : तारीख, गाडी, किलोमीटर, काय केलं, आणि शेवटी ‘सापडलं काय’. या शेवटच्या रकान्यात बहुतेक वेळा नुसती आडवी रेघ असते. नवीन पोरगा कामाला लागला की महिन्याभरात विचारतो, काहीच सापडत नाही तर रकाना ठेवलाय कशाला? मी उत्तर देत नाही. वर्षभर टिकला तर त्याचं त्याला कळतं.

हा रकाना माझ्या वस्तादांचा. तरुणपणी ते कोल्हापुरात गंगावेस तालमीत मेहनत करायचे. खांदा निखळला, कुस्ती सुटली, मग शिवाजी उद्यमनगरात लेथवर काही वर्षं काढली आणि तिथून मोटारसायकलींकडे वळले. १९९६ च्या जूनमध्ये, दहावीचा निकाल लागल्यावर, वडिलांनी मला त्यांच्या ताब्यात दिलं. पहिले सहा महिने त्यांनी मला पान्याला हात लावू दिला नाही. हातात फडकं आणि रॉकेलची वाटी. गाडी आली की पुसायची. इंजिनाच्या पंखांमधून, सायलेन्सरच्या बेंडाखालून, चाकाच्या हबपासून एकेका आरीपर्यंत. संध्याकाळी साबणानं हात धुताना त्यांचा प्रश्न ठरलेला, “आज काय सापडलं रं पोरा?”

सुरुवातीला मला वाटायचं, हे गाडी चकचकीत करण्याचं काम आहे. एकदा एका बुलेटचं मागचं मडगार्ड पुसताना बोट कशाला तरी अडलं. रंगाला गेलेली केसाएवढी चीर. मी ती दाखवली. वस्तादांनी पाठीवर थाप मारली आणि त्या दिवशी पहिल्यांदा दहा-अकराचा पाना माझ्या हातात दिला. धुण्याच्या पाण्याखाली चीर दिसत नाही, डोळ्यालाही पटकन दिसत नाही. फडक्यातून बोटाला लागते. तेल कुठून पाझरतंय, कुठला नट अर्धा आटा सैल झालाय, कुठलं रबर कडक होऊन तडकलंय, हे सगळं पुसणाऱ्या हाताला आधी कळतं.

तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत मद्रासच्या एनफील्ड बुलेट जास्त. बिडाचं इंजिन, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. त्या गाडीनं मला ऐकायला शिकवलं. आरीवर स्क्रू ड्रायव्हरची दांडी हळूच मारायची : ताणलेली आरी टणटण वाजते, सैल झालेली थप्प बोलते. इंजिन रात्रभर गार झालेलं असताना टॅपेटचं झाकण काढून पुशरॉड दोन बोटांत धरायचा. तो गोल फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. जरा घट्ट झाला तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो, सैल राहिला तर टकटक करत राहतो. या कामाला गेज लागत नव्हतं, बोटंच लागत होती. म्हणून ते काम वस्ताद सकाळी, गॅरेज उघडल्या उघडल्या करायचे. चहा नंतर.

२००४ साली मी शाहूपुरीत स्वतःचं गॅरेज टाकलं. तोवर गाड्या बदलायला लागल्या होत्या. २००१ मध्ये बजाजची एलिमिनेटर आली होती, पाय पुढं टाकून बसायची, ठेंगण्या सीटची. २००२ मध्ये एनफील्डची थंडरबर्ड. २००५ मध्ये अ‍ॅव्हेंजर. क्रूझर हा शब्द गिऱ्हाइकांच्या तोंडी तेव्हा बसला. आणि या गाड्या घेणारी माणसंही वेगळी होती. बुलेटवाला गाडी गावात मिरवायचा, शेतावर न्यायचा, लग्नाच्या वरातीत पुढं घालायचा. क्रूझरवाला शनिवारी दुपारी विचारायला यायचा, “मेस्त्री, उद्या पहाटे मालवणला निघतोय, गाडी बघून घ्या जरा.”

कोल्हापुरात हे ‘जरा बघून घ्या’ फार महत्त्वाचं आहे. इथून कुठंही समुद्राकडं जायचं तर घाट उतरावाच लागतो. गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा, राधानगरीवरून फोंडा, मलकापूरच्या पुढं आंबा, आजऱ्यावरून आंबोली. सकाळी थंड हवेत निघालेला माणूस तासा-दीड तासात अशा उतारावर असतो, की जिथं ब्रेकवरची बोटं मोकळी सोडता येत नाहीत. तिथं गॅरेज नाही, पावसाळ्यात मोबाइललाही धड रेंज नाही.

क्रूझरचा घाट आणि साध्या गाडीचा घाट एक नव्हे. क्रूझर वजनदार. एनफील्डची हल्लीची मीटिओर घेतली तर १९१ किलो, त्यावर दोघं जण, वर मागं बांधलेली बॅग. पुढचा फोर्क लांब आणि तिरका, दोन चाकांमधलं अंतर जास्त, त्यामुळं हमरस्त्यावर ती सरळ रेषेत झोपल्यासारखी पळते. पण वळणावर तिला ढकलून वाकवावं लागतं. चालवणाऱ्याचे पाय पुढं, म्हणून अंगाचा भार सगळा माकडहाडावर आणि तिथून मागच्या चाकावर. मागचा टायर मधोमध झिजून सपाट होतो. बाजूला नक्षी नव्यासारखी दिसते, गिऱ्हाईक म्हणतं अजून वर्षभर चालेल, पण वळणावर गाडी त्या सपाट भागाच्या कडेवर चढताना क्षणभर चमकते. ते चमकणं घाटात नको. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असूनही रबर म्हातारं झालेलं असतं, ते या चार आकड्यांतून कळतं. हवा मात्र गार टायरला बघायची. पेट्रोल पंपापर्यंत दहा किलोमीटर पळवून आणलेल्या टायरची हवा खरी नसते.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यामुळं मी वहीत शेवटचा रकाना पाडला. तोवर वस्तादांचा प्रश्न माझ्या तोंडात होता, कागदावर नव्हता.

२००९ चा मे महिना. कागलकडचे एक शिक्षक, पुढं डिस्क ब्रेक असलेली क्रूझर, नियमित येणारं गिऱ्हाईक. गाडी सर्व्हिसिंगला आली तेव्हा ब्रेक ऑइलची पातळी खालच्या खुणेला टेकली होती. गर्दी होती, मी वरून ऑइल टाकलं, झाकण लावलं, बिलावर लिहिलं ‘ब्रेक ऑइल टाकले’. दहा दिवसांनी ते परत आले, कशासाठी तरी वेगळ्याच. बोलता बोलता सहज म्हणाले, “मेस्त्री, करूळ घाटात पुढचा ब्रेक जरा बसला हो. लिव्हर पार मुठीला टेकली. पण खाली वैभववाडीत चहा घेईतोवर आपोआप नीट झाला.”

त्यांच्या मागं त्यांची पत्नी बसली होती त्या दिवशी. गाडी त्यांनी गिअर खाली पाडत आणि मागच्या ब्रेकवर सांभाळली. त्यांना यात विशेष काही वाटलं नव्हतं. मला मात्र पुढं काही ऐकू येईना.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डब्यातलं ताजं ऑइल जवळजवळ पारदर्शक, फिकट पिवळं असतं. दोन-तीन पावसाळे काढलेलं कोऱ्या चहासारखं होतं. त्यात पाणी मुरलेलं असतं. उतारावर ब्रेक धरून धरून कॅलिपर तापला की ते पाणी उकळतं आणि वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, म्हणून तर ब्रेक लागतो. वाफ दाबली जाते, म्हणून लिव्हर रिकामी जाते. गार झालं की वाफेचं परत पाणी. ब्रेक पहिल्यासारखा, आणि गॅरेजात तपासलं तर काही सापडत नाही. मी कॅलिपरचा निपल सोडून जुनं ऑइल बाटलीत काढलं. गडद तपकिरी होतं. आणि पातळी खाली का गेली होती, तर पॅड झिजले होते म्हणून. पॅड झिजले की पिस्टन पुढं येतो, तेवढं ऑइल वरून खाली उतरतं. म्हणजे गाडी मला सांगत होती की पॅड बघ. मी वरून ऑइल टाकून तिचं तोंड बंद केलं होतं.

त्या शिक्षकांना मी सगळं खरं सांगितलं. ते चिडले नाहीत, अजूनही येतात. पण त्या रात्री मी वही आणली, रकाने पाडले आणि स्वतःपुरता एक नियम केला. रेघ मारायची ती बघून झाल्यावरच. न बघता मारलेली रेघ म्हणजे खोटी साक्ष. तेव्हापासून माझ्याकडे दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल पूर्ण बदललं जातं. गिऱ्हाईक नको म्हणालं तरी मी आग्रह धरतो, प्रसंगी मजुरी सोडतो.

मजुरीचं आलंच आहे तर बोलतो. पिस्टन बदलला की माणूस जुना पिस्टन हातात घेऊन बघतो आणि पैसे देतो. ‘सगळं तपासलं, सगळं ठीक आहे’ याचे पैसे द्यायला त्याचा हात खिशाकडे जात नाही. मला यात गिऱ्हाइकाचा दोष वाटत नाही. जे घडलं नाही ते कुणाला कसं दाखवणार? म्हणून मी गिऱ्हाइकाला शेजारी स्टुलावर बसवतो आणि त्याच्यादेखत तपासतो.

चेनपासून सुरुवात करतो. आमच्याकडे चेनचा मोठा शत्रू ऊस. दिवाळीच्या आसपास गळीत हंगाम लागला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या शेतातला चिखल चाकांना घेऊन डांबरीवर येतात. तो वाळतो, त्याची बारीक माती उडते आणि चेनवरच्या वंगणात बसते. वंगण आणि माती मिळून पॉलिश पेपर तयार होतो. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल चेनला लावायची जुनी सवय आहे लोकांना, ती मी बंद करायला लावतो. साधारण पाचशे किलोमीटरला मऊ ब्रशनं रॉकेल लावून चेन धुवायची, कोरडी पुसायची, मग चेनचं वंगण आतल्या बाजूनं द्यायचं. तारेचा ब्रश नको. आत रबरी कड्या असतात, त्या कापल्या जातात. ताण बघताना खालच्या पट्ट्याच्या मध्यावर बोटानं वरखाली करून बघायचं, साधारण इंचभर खेळ हवा. आणि चाक फिरवत चार ठिकाणी बघायचं, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. गिऱ्हाइकाला गाडीवर बसवून पुन्हा बघायचं. क्रूझरवर माणूस बसला की मागचे शॉकॲब्जॉर्बर दबतात आणि चेन ताणली जाते. उभ्या गाडीवर बरोबर वाटलेला ताण दोघं बसल्यावर गिअरबॉक्सचं बेअरिंग खातो.

मग इंजिन ऑइल. क्रूझर साइड स्टँडवर चांगलीच कलते, तशी कलती ठेवून काचेत पातळी बघितली तर खोटी दिसते. गाडी दोन-तीन मिनिटं चालू ठेवायची, बंद करून तेवढाच वेळ थांबायचं, कुणाला तरी सरळ धरायला लावून बघायचं. डब्यावर जासो एमए ही खूण आहे का तेही बघून घ्यावं. मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. मोटारीसाठी केलेलं घसरडं ऑइल त्यात ओतलं की क्लच प्लेटा एकमेकींवरून घसरतात, आणि गिऱ्हाईक सांगत येतं की चढाला गाडी नुसती ओरडते, पळत नाही.

खंडेनवमीचा दिवस माझ्या आवडीचा आणि काळजीचाही. त्या दिवशी गॅरेजातले पाने, हातोड्या, जॅक, सगळं धुऊन, हळदीकुंकू लावून पाटावर मांडतो. वस्तादांचा जुना फीलर गेज मधोमध. गाड्याही सकाळपासून धुतल्या जातात, आणि तिथंच घात होतो. जोराच्या पाण्याचा फवारा लोक थेट चाकाच्या हबवर, हँडलच्या मानेवर, वायरिंगच्या जोडांवर मारतात. झेंडूचे हार घातलेली गाडी दसरा चौकापर्यंत मिरवते. आणि दिवाळीनंतर बेअरिंगमधून करकर यायला लागते. बादली आणि कापड पुरेसं असतं. ज्याला गाडीची खरी पूजा करायची आहे त्यानं ती हातानं पुसावी.

पाण्याचं म्हणाल तर ऑगस्ट २०१९ विसरता येणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. दुधाळी, नागाळा पार्क, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, सगळीकडे पाणी. पुणे-बंगळूर हमरस्ता बंद. माझ्या गॅरेजात शटरच्या निम्म्यापर्यंत पाणी होतं. पाणी उतरल्यावर चिखलाचा जो थर राहिला त्याचा वास अजून नाकात आहे.

पहिल्याच दिवशी लोक गाड्या ढकलत यायला लागले. मी शटरवर खडूनं लिहिलं : ‘बुडालेली गाडी चालू करू नका.’ ज्यांनी वाचायच्या आधीच स्टार्टर दाबला होता, त्यांच्यातल्या काहींचे कनेक्टिंग रॉड वाकले. सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं असताना पिस्टन वर जातो, पाणी दबत नाही, मग लोखंड दबतं. बाकीच्यांचं काम सोपं होतं पण चिकाटीचं. आधी बॅटरी सोडवायची. प्लग काढून इंजिन हळूहळू फिरवायचं, पाणी पिचकारीसारखं बाहेर येतं. ऑइल काढलं की दुधाळ कॉफीच्या रंगाचं निघायचं. नवं भरायचं, थोडा वेळ चालवायचं, परत काढायचं, परत भरायचं, कधी तिसऱ्यांदाही. सायलेन्सर उतरवून पालथा घालायचा. ब्रेक शू घासायचे. चाकांची बेअरिंगं काढून चिखल धुऊन नवं ग्रीस भरायचं. वायरिंगचा एकेक जोड उघडून पुसायचा. शेजारच्या गल्लीतली कॉलेजची पोरं न बोलावता मदतीला आली. त्यांच्या हातात मी फडकी दिली.

त्या पुरात माझ्या वह्याही भिजल्या. पानं एकमेकांना चिकटली, पण अक्षरं बॉलपेनची म्हणून शिल्लक राहिली. मी ती पानं दोरीवर, क्लच केबलींच्या शेजारी वाळत घातली. बुडालेल्या गाडीच्या मालकाला मी त्यातलं त्याच्या गाडीचं पान शोधून दाखवायचो. कधी काय बदललं ते समोर असलं की कशाला हात लावायचा आणि कशाला नाही ते ठरवता यायचं. ज्या गाड्यांच्या नावापुढं नियमित नोंदी होत्या त्यांचे नट सुटायला त्रास झाला नाही. वर्षानुवर्षं न उघडलेल्या गाड्यांचे बोल्ट मात्र मानेतून तुटले, ते ड्रिल करून काढावे लागले. उद्यमनगरातल्या लेथवाल्यांनी त्या महिन्यात रात्री उशिरापर्यंत बुश आणि बोल्ट करून दिले.

अलीकडं पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आहे. ज्या उसाचा चिखल मी चेनवरून धुतो, त्याच उसाच्या मळीपासून, रसापासून आमच्या जिल्ह्यातल्या कारखान्यांत इथेनॉल होतं, आणि शेतकऱ्याच्या पोराला त्याचं वाईट वाटण्याचं कारण नाही. पण तेही पाणी ओढतं. पावसाळाभर अर्ध्या टाकीवर उभी ठेवलेली गाडी असेल, तर पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतं आणि पत्रा आतून गंजतो. क्रूझर ही पुष्कळांची दुसरी गाडी, रविवारची. म्हणून सांगतो, पावसात उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा, आत हवेला जागाच नको. आणि पंधरवड्यातून एकदा कात्यायनीच्या देवळापर्यंत का होईना, चालवून आणा. नव्या क्रूझरला किक नसते. बॅटरी बसली की बटण दाबून काही होत नाही, आणि तेवढं वजन ढकलून चालू करणं सोपं नाही.

वस्ताद आता नाहीत, पण त्यांचा प्रश्न आहे. गेल्या शुक्रवारी एक मुलगी आली, इथल्याच एका रुग्णालयात परिचारिका आहे. मीटिओर, अठरा हजार किलोमीटर. रविवारी मैत्रिणीला घेऊन आंबोलीला निघणार होती. म्हणाली, “काका, मला स्वतःला बघायला शिकायचंय. रात्रपाळीवरून येते, प्रत्येक वेळी गॅरेज उघडं नसतं.”

मी तिला फडकं दिलं. तिनं बाह्या वर सारल्या आणि पुढच्या चाकापासून सुरुवात केली. फोर्कच्या नळीवरून बोट फिरवलं, तेलाचा ओघळ नाही. पुढचं चाक उचलून मी तिला हँडल डावी-उजवीकडे वळवायला लावलं, मध्ये कुठं अडतंय का ते. नव्हतं अडत. चेनचा ताण तिनंच मोजला. ब्रेक ऑइलच्या खिडकीत टॉर्च मारून रंग बघितला. पाऊण तास ती बोलली नाही. मग डाव्या मुठीपाशी थांबली. फडकं लिव्हरच्या मागं कशात तरी अडकलं होतं, त्याचा एक धागा तिथंच राहिला. तिनं वाकून बघितलं.

“काका, हे काय आहे?”

क्लच केबल जिथं लिव्हरमध्ये शिरते तिथं एक बारीक तार तुटून बाहेर आली होती. बाकीच्या शाबूत होत्या. आंबोलीला जाऊन येण्याइतकी ती केबल टिकली असती किंवा टिकली नसती.

दोरीवरून नवी केबल काढली, तेल सोडून बसवली, खेळ जुळवला. वही उघडून तारीख, गाडी, किलोमीटर, काय केलं, हे चार रकाने मी भरले. मग वही तिच्याकडे वळवून पेन पुढं केलं. हात फडक्याला पुसून तिनं शेवटच्या रकान्यात लिहिलं : ‘क्लच केबल, एक तार.’